मामांच्या फोनमधली बाग
(प्रकल्प नोंदी : मे ते जुलै २०२५)

रविवार, ४ मे

मामांचा फोन आज सकाळी ब्लोअरच्या टाकीवरून खाली दगडावर पडला. काच फुटलेली नाही. स्क्रीन दिसते, पण खालच्या अर्ध्या भागाला बोट लावलेलं कळत नाही. पॅटर्नचे खालचे तीन ठिपके नेमके तिथेच येतात, त्यामुळे फोन उघडतच नाही. २०१९ साली घेतलेला, ६४ जीबीचा. मागचं झाकणही एका कडेने वर आलंय. बॅटरी फुगलेली दिसते, आणि ती आजच्या पडण्याने फुगलेली नाही. आमचं लक्ष नव्हतं.

ह्यांनी सहज म्हटलं, "जाऊ दे, नवीन घेऊ." मामा जेवता जेवता थांबले. म्हणाले, "फोनचं काय न्हाई रं. त्यात बाग हाय माझी."

मामा म्हणजे माझे सासरे. तासगाव तालुक्यात आमची पावणेतीन एकर द्राक्षबाग आहे. छाटणी, फवारणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं), मजुरी, बेदाण्याची पट्टी (विक्रीची पावती), सगळ्याच्या नोंदी मामा फोनमध्ये बोलून ठेवतात. हात औषधाने भरलेले असतात, वही धरता येत नाही. २०१९ मध्ये त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर "बाग" नावाचा ग्रुप काढला, ह्यांना त्यात घेतलं आणि लगेच काढून टाकलं. तेव्हापासून त्या ग्रुपात मामा एकटेच आहेत आणि रोज स्वतःशी बोलतात. सहा हंगाम झाले.

यातलं काहीही दुसरीकडे कुठे नाही. हे मला आज कळलं. चार वर्षं या घरात राहते, रोज हिशेब लिहिण्याची नोकरी करते, आणि घरातली सगळ्यात मोठी वही एका फुगलेल्या फोनमध्ये आहे हे कधी विचारलं नव्हतं. म्हणून या नोंदी सुरू करते आहे. काय केलं, काय चुकलं, काय जमलं ते तारखेनिशी लिहीन.

मामांचं सिमकार्ड काढून जुन्या बटणांच्या फोनमध्ये घातलं. त्यांचे कॉल तरी अडायला नकोत.

सोमवार, ५ मे

ऑफिसनंतर सांगलीत दोन दुकानं पाहिली. पहिल्या दुकानात फोन हातात घेतल्या घेतल्या मुलगा म्हणाला, "फॉरमॅट मारून देतो, चालू होईल." फॉरमॅट मारल्यावर आतलं सगळं जातं हे त्याने सांगितलंच नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "ते जाणारच की." फोन परत घेतला.

दुसऱ्या दुकानातले काका जाणते होते. डिस्प्ले मिळायला आठ दिवस लागतील म्हणाले, मॉडेल जुनं आहे. मी विचारलं, समजा फोन पूर्णच मेला, तर आतली चिप काढून डेटा वाचता येतो का? ते म्हणाले, पूर्वी यायचा. आता फोनमधला डेटा कुलूपबंद रूपात साठवलेला असतो आणि त्याची किल्ली त्याच फोनच्या प्रोसेसरमध्ये असते. चिप काढून दुसरीकडे बसवली तर नुसता कचरा दिसतो. बोर्डच जिवंत करावा लागतो, आणि तो होईलच याची खात्री कुणी देत नाही.

म्हणजे फोन मेला तर डेटा मेला. लोक अजून म्हणतात, दुकानात दिला की काढून देतात. जुन्या फोनांच्या बाबतीत ते खरं होतं.

निघताना काकांनीच सुचवलं, "डिस्प्ले दिसतोय ना? मग ओटीजी लावून माऊस जोडून बघा." ओटीजी म्हणजे फोनला माऊस किंवा पेन ड्राइव्ह जोडायची छोटी पिन. बॅटरीबद्दलही बजावलं, की रात्रभर चार्जिंगला लावायचा नाही, गादीवर ठेवायचा नाही, आणि झाकण दाबून बसवायला जायचं नाही.

बुधवार, ७ मे

ओटीजीची छोटी पिन आणली. ऑफिसचा साधा वायरचा माऊस लावला. दोन सेकंदांनी मामांच्या फोनच्या स्क्रीनवर बारीक बाण उमटला. डावं बटण दाबून धरलं, ठिपक्यांवरून पॅटर्न ओढला आणि फोन उघडला. मामा मागे उभे होते. "आरं तिच्या," एवढंच म्हणाले आणि खुर्ची ओढून जवळ बसले.

बॅटरी ३१ टक्के. पिनमध्ये माऊस असताना चार्जर लावता येत नाही, त्यामुळे हाताशी वेळ कमी. आधी घाईने काही हलवायचं नाही, नुसतं काय काय आहे ते बघायचं असं ठरवलं आणि मामांना एकेक विचारत गेले. माझ्या मते या सगळ्या कामातला हाच सगळ्यात महत्त्वाचा तास. फोटो वाचवायचे हे मी गृहीत धरलं होतं. मामांची यादी वेगळी निघाली. पहिली "बाग", दुसरी व्यापाऱ्यांच्या कॉलची रेकॉर्डिंग, तिसरे औषधांच्या बाटल्यांच्या लेबलांचे आणि पट्ट्यांचे फोटो. नातीच्या बारशाचा व्हिडिओ चौथा.

कॉलचं का, ते त्यांनी समजावलं. व्यापारी बागेत येऊन दर बोलतो, माल उचलतो, पैसे नंतर. आमच्या भागात व्यापारी माल नेऊन पैसे बुडवतात हे नवं नाही. दर काय ठरला होता आणि कधी देतो म्हणाला होता, ते त्याच्या आवाजात जवळ असावं. फोनमध्ये अशी ३ जीबी रेकॉर्डिंग आहेत. मी ती कचरा समजून सगळ्यात आधी पुसली असती.

बॅटरी १२ टक्क्यांवर आली तेव्हा माऊस काढला. चार्जिंग ओसरीत, शहाबादी फरशीवर, मी समोर बसून.

शनिवार, १० मे

आज हलवायला सुरुवात. पहिला प्रयत्न छोट्या हबचा : ओटीजीला हब, हबला माऊस आणि हार्ड डिस्क. डिस्क नुसती टिक टिक करत राहिली. फोनच्या पिनमधून तिला फिरण्याइतकी वीज मिळत नाही. डिस्क काढून १२८ जीबीचा पेन ड्राइव्ह लावला. फोनला त्याची मांडणी वाचता येईना, फॉरमॅट करू का विचारलं. पेन ड्राइव्ह रिकामाच होता, हो म्हटलं. त्याने तो फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केला.

कॉल रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर गेली. लेबलांचे फोटो गेले. बारशाचा व्हिडिओ मात्र दर वेळी अडकतो. फाइल ४.८ जीबीची आहे आणि फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसतच नाही. पेन ड्राइव्हवर जागा शंभर जीबीच्या वर मोकळी असली तरी नाही. हे माहीत नसेल तर माणूस पेन ड्राइव्हच खराब समजून बदलत बसेल.

दुपारी एक मार्ग सुचला आणि तो नीट चालला, म्हणून सविस्तर लिहिते. ह्यांचा ब्लूटूथ माऊस घेतला. आधी वायरच्या माऊसने फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन ब्लूटूथ चालू केलं आणि दुसरा माऊस जोडला. आता बाण ब्लूटूथवर हलतो. मग ओटीजी काढून टाकली, पिन मोकळी झाली. त्या पिनमध्ये लॅपटॉपची साधी केबल लावली आणि वरून खाली सरकणाऱ्या सूचनेत "फाइल ट्रान्सफर" निवडलं. लॅपटॉपवर फोन उघडला, आणि चार्जिंगही सुरू झालं. एका पिनचं भांडण मिटलं.

संध्याकाळी बारशाचा व्हिडिओ लॅपटॉपवर लावला. आत्या (माझ्या सासूबाई) पाळण्याची दोरी धरून गात आहेत. आत्यांनी दोनदा बघितला.

रविवार, ११ मे

दिवसभर कॉपी. एकूण माल ४६ जीबी : व्हॉट्सअ‍ॅप १९, कॅमेरा १७, रेकॉर्डिंग ३, बाकी इकडचं तिकडचं.

कॅमेऱ्याच्या फोल्डरमध्ये ९,३१८ फाइली. सगळ्या एकदम ओढल्या तर लॅपटॉप मोजतच राहतो आणि मध्येच फोन सुटतो. मग महिन्याप्रमाणे तुकडे केले. केबलला हात लावायचा नाही, फोनची स्क्रीन बंद होऊ द्यायची नाही. सकाळी नऊला बसले, रात्री पावणेअकराला उठले.

तारखांबद्दल एक गोष्ट ध्यानात आली. लॅपटॉपवर आलेल्या कितीतरी फाइलींना आजचीच तारीख लागली. कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोंचं फारसं बिघडत नाही, कारण फोटो केव्हा काढला ते त्या फोटोच्या पोटातच लिहिलेलं असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोंमधून मात्र ती माहिती निघून गेलेली असते. तिथे तारीख फक्त फाइलीच्या नावात उरते : आयएमजी, मग २०१९१०२३, मग डब्ल्यूए आणि क्रमांक. म्हणजे २३ ऑक्टोबर २०१९. ही नावं कधीही बदलायची नाहीत. नाव बदललं की तारीख कायमची गेली.

मंगळवार, १३ मे

आज चूक सापडली. बरं झालं, आत्ता सापडली.

रविवारी मी फाइलींची संख्या जुळवली होती. इकडे ९,३१८, तिकडे ९,३१८. खूश होते. आज सहज फाइली आकाराप्रमाणे लावल्या तर सगळ्यात खाली २१२ फाइली शून्य बाइटच्या. नाव आहे, आत काहीच नाही. मधे केबल सुटली तेव्हा लॅपटॉपने नावं तयार करून ठेवली आणि माल आलाच नाही. त्यात २०२१ च्या बेदाणा पट्ट्यांचे जवळजवळ सगळे फोटो.

फोन अजून जसाच्या तसा होता, म्हणून तेवढ्या २१२ पुन्हा आणल्या. रविवारी रात्री मी फोन पुसला असता तर आज हात चोळत बसायची वेळ आली असती. यापुढे संख्या आणि एकूण बाइट दोन्ही जुळवायचे, आणि दर फोल्डरमधल्या पाच-दहा फाइली खरोखर उघडून बघायच्या.

शनिवार, १७ मे

गूगल खात्याचा दिवस. मामांना पासवर्ड माहीत नाही. २०१९ मध्ये फोन विकताना दुकानदाराने खातं काढून दिलं. मामांच्या नावामागे त्याने स्वतःच्या मनाचे आकडे लावले, आणि पासवर्ड विसरला तर ज्या नंबरवर कोड जायचा तो नंबरही दुकानातलाच घातला. आज तो नंबर लागतच नाही. गावात निम्म्या घरांत असंच असेल. वयस्क माणूस फोन घेतो, दुकानदार दोन मिनिटांत सगळं करून देतो, आणि माणसाच्या हातात स्वतःच्या घराची किल्ली राहत नाही.

खातं फोनवर उघडलेलंच होतं हे नशीब. पासवर्ड विसरल्याचं सांगितलं, कोडाऐवजी दुसरी पद्धत मागितली, तेव्हा मामांच्याच फोनवर "तुम्हीच आहात का?" असं विचारणारी पाटी आली. माऊसने हो म्हटलं. नवा पासवर्ड ठेवला, कोडासाठी मामांचा आणि ह्यांचा असे दोन नंबर घातले. फोन पूर्ण मेला असता तर हा दरवाजाही बंद होता.

पासवर्ड कागदावर लिहून सातबाऱ्याच्या फायलीत ठेवला. हा कागद फोनमध्ये फोटो काढून ठेवण्याचा नाही, हे मामांना दोनदा सांगितलं.

रविवार, १८ मे

व्हॉट्सअ‍ॅप. मामांच्या खात्यावर शेवटचा बॅकअप काही महिन्यांपूर्वीचा. पुढे होतच नव्हता, कारण गूगलची फुकट मिळणारी १५ जीबी जागा भरली होती. ही १५ जीबी जागा ईमेल, ड्राइव्ह आणि फोटो या सगळ्यांना मिळून आहे. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप पूर्वी त्यात धरत नसत, २०२४ पासून तोही त्यातच मोजतात. फोटोंचंही तेच. १ जून २०२१ च्या आधी थोड्या कमी दर्जाचे फोटो कितीही ठेवता येत, त्यानंतरचे सगळे या जागेत. त्यामुळे "माझं सगळं ऑनलाइन आहे" असं ज्यांना पाच वर्षांपूर्वी कुणीतरी सांगितलं होतं, त्यांनी आज उघडून शेवटच्या बॅकअपची तारीख बघावी.

सगळी कॉपी डिस्कवर आल्यावरच सफाई केली. सुप्रभातची फुलं आणि लग्नाचे फॉरवर्ड केलेले व्हिडिओ मिळून ९ जीबी निघाले. मामा शेजारी बसून एकेकाला "काढ" म्हणत होते. एका फोटोवर थांबले. मागच्या वर्षी गेलेल्या त्यांच्या दोस्ताने पाठवलेली सुप्रभात होती. ती ठेवली.

मग मुख्य काम. "बाग" ग्रुप वेगळा कसा काढायचा? व्हॉट्सअ‍ॅपचे व्हॉइस मेसेज एकाच मोठ्या फोल्डरमध्ये पडतात. आत वर्ष आणि आठवड्याप्रमाणे कप्पे असतात, उदाहरणार्थ २०२०४७ म्हणजे २०२० चा ४७वा आठवडा. पण कुठला मेसेज कुठल्या ग्रुपातला, हे फाइलीच्या नावावरून अजिबात कळत नाही. एकूण ३,२०६ व्हॉइस मेसेज, त्यात पाहुणेरावळे, सोसायटी, भजनी मंडळ, सगळे मिसळलेले. नुसतं फोल्डर वाचवून बाग वाचत नाही, ती त्या ढिगात हरवते.

यावर उपाय ग्रुपच्याच मेनूत आहे : चॅट एक्सपोर्ट करा, मीडियासह. एक झिप फाइल तयार झाली. आत सगळे व्हॉइस मेसेज आणि एक साधी मजकुराची फाइल, तिच्यात प्रत्येक मेसेजची तारीख, वेळ आणि फाइलीचं नाव ओळीने. बागेचे १,१४२ मेसेज निघाले. ही मजकुराची फाइल म्हणजे वहीची अनुक्रमणिका आहे.

एक लावून बघितला. १८ नोव्हेंबर २०२०, सकाळी सात वाजून बारा मिनिटं. मागे मोटारीचा आवाज, आणि मामा : "छाटणीनंतर बेचाळीसावा दिवस. रात्री दव लई पडलंय. दोन वळीत पानाच्या खाली पांढरं दिसतंय. डाऊनी म्हणायचा. उद्या पहाटं फवारणी." डाऊनी म्हणजे द्राक्षवेलीवरचा बुरशीचा रोग, वळ म्हणजे वेलींची रांग. दिवस मोजून बघितले. त्या वर्षी फळछाटणी ७ ऑक्टोबरला झाली होती. दिवस बरोबर.

मामा आपलाच आवाज ऐकत होते. म्हणाले, "त्या साली पाऊस लई वंगाळ होता."

रात्री फोन बंद करून ओसरीतल्या फरशीवर ठेवला, कपड्यांपासून लांब. आता तो फक्त शेवटच्या चाचणीपर्यंत हवा.

रविवार, २५ मे

आठवडाभर पाऊस. मे महिन्यात असा पाऊस आत्यांनाही आठवत नाही. वीज येऊन जाऊन, त्यामुळे छोटी कामं.

मामांचे ४१२ संपर्क तीन ठिकाणी विखुरलेले होते : काही सिममध्ये, काही फोनमध्ये, काही गूगल खात्यात. सिमवर नावं अर्धवट कापली गेली होती. मागच्या रविवारी मी ते सगळे एका व्हीसीएफ फाइलीत काढून ठेवले होते. आज ती लॅपटॉपवर उघडली आणि पोटात गोळा आला. मराठी नावांच्या जागी बरोबरची चिन्हं, मधे मधे ई, शून्य, ए, चार असली अक्षरं. नावं गेली असंच वाटलं. पण ती जुनी लिहायची पद्धत आहे, देवनागरी अक्षर संगणकाच्या आकड्यांत मांडलेलं. फाइल गूगल संपर्कात टाकली तर "द्राक्ष सल्लागार", "बेदाणा अडत", "पाटकरी" सगळे जागच्या जागी. म्हणजे फाइल कशी दिसते यावर जायचं नाही. ती परत भरून बघायची.

आज आत्यांचा फोन हाती घेतला तेव्हा कळलं की त्यांनी एप्रिलच्या सुरुवातीला नातीचे कितीतरी फोटो पुसले होते. कुणीतरी सांगितलं होतं, "ऑनलाइन आहेतच, फोनमधले पुसा, जागा होईल." त्यांनी गूगल फोटोमध्ये जाऊन एकेक पुसला. तिथे पुसलेला फोटो दोन्हीकडून जातो, कारण फोन आणि खातं एकमेकांच्या सोबत चालतात. एकीकडे जे कराल ते दुसरीकडे होतं. याला बॅकअप म्हणणं मला पटत नाही. बॅकअप म्हणजे मी चूक केली तरी न हलणारी प्रत. जागाच करायची तर त्याच अ‍ॅपमध्ये "जागा मोकळी करा" असा वेगळा पर्याय आहे, तो फक्त फोनमधली प्रत काढतो.

ट्रॅश उघडला. बॅकअप झालेले फोटो तिथे ६० दिवस राहतात. आज ५३वा दिवस होता. ३४० फोटो परत आले. आत्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

रविवार, १ जून

दुसरी डिस्क आणली. तीच सगळी कॉपी तिच्यावर. या वेळी दोन्ही डिस्कवरच्या फाइली हॅश काढून ताडून बघितल्या. हॅश म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून निघणारा लांबलचक आकडा. एक अक्षर बदललं तरी आकडा पूर्ण बदलतो. दोन्हीकडे एकच आकडा आला की प्रत तंतोतंत. एकही फरक नाही.

ह्यांनी विचारलं, दोन डिस्क कशाला, आणि एक बाहेर कशाला ठेवायची?

माझं माहेर सांगलीत. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. आमच्या घरात पाणी छातीपर्यंत होतं. आईने फोटोंचे अल्बम माळ्यावर नेऊन ठेवले होते, पण लग्नाचा अल्बम खालच्या कपाटात राहिला. पाणी ओसरल्यावर तो उघडला तर फोटो एकमेकांना चिकटलेले. एक सोडवायला गेलं की दुसऱ्याचा चेहरा त्याच्यावर निघून येत होता. आईने ते पत्र्यावर वाळत घातले. आजी-आजोबांचा एकत्र असा एकच फोटो होता, त्यात आता फक्त आजीच्या साडीचा काठ दिसतो. त्याची दुसरी प्रत मामीकडे कोल्हापुरात असायला हवी होती. काढायची काढायची म्हणून राहून गेली.

आमची वस्ती नदीपासून लांब आहे. पण घराला आग लागते, चोरी होते, वीज पडते. दोन्ही डिस्क एकाच कपाटात ठेवल्या तर त्या दोन नाहीत, एकच आहे. एक डिस्क नणंदेकडे पुण्याला जाणार.

शनिवार, ७ जून

मामांना नवा फोन, १२८ जीबी. आज खरी परीक्षा. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये जुन्या फोनवरून नव्यावर थेट चॅट पाठवायची सोय आहे, क्यूआर कोड स्कॅन करून. ह्यांनी तेच सुचवलं, दहा मिनिटांत होईल म्हणाले. मी नको म्हटलं. जुना फोन नाहीच असं धरून चालायचं. तो विहिरीत पडला असता तर डिस्कवरून काय काय परत आलं असतं, एवढंच मला बघायचं होतं.

पहिल्या खेपेला व्हॉट्सअ‍ॅप टाकलं, मामांचा नंबर घातला, कोड आला, डिस्कवरून आणलेला बॅकअप भरला. मेसेज सगळे आले, "बाग" ग्रुपही आला. पण व्हॉइस मेसेज लावला की फाइल सापडत नाही. मजकूर घरी आला आणि आवाज रस्त्यात राहिला.

चूक क्रमाची होती. व्हॉट्सअ‍ॅप काढून टाकलं. आधी डिस्कवरचं व्हॉट्सअ‍ॅपचं पूर्ण फोल्डर नव्या फोनमध्ये जुन्याच जागी ठेवलं : अँड्रॉइड नावाचं फोल्डर, त्यात मीडिया, त्या मीडियाच्या आत. मग अ‍ॅप पुन्हा टाकलं, नंबर, कोड, बॅकअप. दीड तास लागला. या वेळी २०१९ पासूनचे मेसेज वाजले.

मग खात्यावरच्या बॅकअपला एन्क्रिप्शनचं कुलूप लावलं. ही सोय ऑक्टोबर २०२१ पासून आहे. स्वतःचा पासवर्ड ठेवा किंवा ६४ आकडी किल्ली घ्या. दोन्हींपैकी काहीही हरवलं तर खुद्द व्हॉट्सअ‍ॅपलाही तो बॅकअप उघडता येत नाही. पासवर्ड घेतला, सातबाऱ्याच्या फायलीतल्या कागदावर दुसरी ओळ लिहिली.

रविवार, १५ जून

बाकीचे फोन. आत्यांचा तासाभरात झाला. ह्यांच्या फोनमध्ये ऑफिसच्या लॉगिनचे कोड देणारं अ‍ॅप आहे, ते खात्याशी जोडलेलं नव्हतं. जोडलं. पैशांच्या अ‍ॅपचा बॅकअप नसतोच, नव्या फोनवर त्याच सिमवरून पुन्हा नोंदणी करावी लागते. म्हणून सिम सांभाळणं हाही याच कामाचा भाग. आधार, लायसन्स डिजिलॉकरमध्ये आहेत, त्यांचे गॅलरीत पडलेले फोटो काढून टाकले.

महिन्याच्या पहिल्या रविवारी डिस्क लावायची. कॅलेंडरवर मामांनी स्वतः पेनाने गोल केले.

शनिवार, २१ जून

जुना फोन रीसेट केला. सांगलीच्या काकांनी फुगलेली बॅटरी काढून ई-कचऱ्यात द्यायला ठेवून घेतली. रिकामा फोन मामांनी मागून घेतला. देव्हाऱ्याच्या खणात ठेवलाय.

रविवार, ६ जुलै

आषाढी. गेल्या महिन्यात दुसरी डिस्क ह्यांनी पुण्याला पोचवली. नणंद आज घरी होती, तिला म्हटलं, आत्ताच लावून बघ. तिथली प्रत तिथेच उघडते का हे बघायचं राहिलं होतं.

तिने लॅपटॉपला डिस्क लावली. बाग, मग २०२०, मग नोव्हेंबर. नावं मी दिली होती त्याच क्रमाने. फाइल लावली आणि फोन लॅपटॉपच्या स्पीकरजवळ धरला. मामा उपवासाची साबुदाण्याची खिचडी घेऊन बसले होते. पुण्याहून त्यांचाच आवाज आला : बेचाळीसावा दिवस, रात्रीचं दव, दोन वळी.

मामांनी चमचा खाली ठेवला. "दोन न्हवत्या," म्हणाले. "दुपारी परत गेलतो, तवा तिसऱ्या वळीतबी निघाला हुता. ते बोलायचं ऱ्हायलं. लिहून ठेव."

अनुक्रमणिकेच्या फाइलीत १८ नोव्हेंबर २०२० च्या ओळीपुढे लिहिलं : तिसरी वळ, दुपारी. दोन्ही डिस्कवर.